अजिंठ्याचं छत बघायचं राहून जातं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वेरूळ-अजिंठ्याच्या सहली ठरलेल्या. तालमीची पोरं जातात, भिशीच्या बायका जातात, दिवाळीनंतर शाळांच्या एसट्या सुटतात. परतल्यावर पद्मपाणी बोधिसत्त्व सगळ्यांच्या तोंडी असतो. कुणाला काळी राजकन्या आठवते, कुणाला सव्वीसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती. पण पहिल्या किंवा दुसऱ्या लेण्याच्या छतावर काय होतं, असं विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण या दोन लेण्यांत भिंतींपेक्षा छत अधिक शाबूत आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी किती दांडगं काम केलं, हे एका नजरेत कळायचं असेल तर मान वर करावी लागते.

चित्रांचं छत म्हटलं की जगाला रोममधलं सिस्टीन चॅपेल आठवतं. पोप दुसरे ज्युलियस यांच्या सांगण्यावरून मायकेलँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात ते रंगवलं. साधारण ४० मीटर लांब, १३ मीटर रुंद दालन आणि २० मीटरांहून उंच छत. तो पाठीवर झोपून रंगवत होता अशी समजूत सगळीकडे आहे, पण तो पहाडावर उभा राहून, मान मागं टाकून काम करत होता. त्या दुखण्यावर त्यानं कवितासुद्धा लिहिली आहे. मधल्या पट्ट्यात बायबलमधल्या विश्वनिर्मितीपासून नोहापर्यंतच्या नऊ कथा आहेत. आदमाच्या बोटाकडं झेपावणारं देवाचं बोट तिथलंच. लोक तिथं जातात ते छत बघायलाच. दालनात शिरल्याबरोबर हजारभर माना एकदम वर होतात.

अजिंठ्यात तसं होत नाही, आणि याला पर्यटकांचा आळस कारण नाही. सिस्टीनमध्ये गोष्ट छतावर आहे. अजिंठ्यात गोष्टी भिंतींवर आहेत. महाजनक, विश्वंतर, छद्दंत हत्ती ही सगळी जातकं डोळ्यांच्या पातळीवर, दिव्याच्या उजेडात हळूहळू पुढं सरकत बघायची. गाईडचा दिवा तिथंच फिरतो. छतावर कथा नाही, म्हणून सांगण्यासारखं काही नाही, असं धरून गट पुढच्या लेण्याकडं वळतो.

मग छतावर आहे तरी काय? पेठेत गणपतीचा मांडव पडतो तेव्हा आधी बांबू उभे राहतात, मग वरून कापड ताणलं जातं. मधोमध मोठं गोल फूल, त्यातून चारी बाजूंना सुटणाऱ्या चुण्या, कोपऱ्यांना वेगळी नक्षी, कडेनं झालर. मूर्ती बसायच्या आधी मांडववाला हे छत पुरं करतो, आणि ते झाल्याशिवाय मोकळ्या चौकाची पूजेची जागा होत नाही. अजिंठ्याचे चित्रकार नेमकं हेच करत होते. त्यांच्यासमोर कापड नव्हतं, काळाकभिन्न कातळ होता. त्या कातळाचा त्यांनी रंगानं चांदवा केला. बुद्धमूर्तीच्या डोक्यावर आणि खाली बसणाऱ्या भिक्षूंच्या डोक्यावर मानाचं छत्र असावं, ही त्यामागची कल्पना. संस्कृतात अशा छताला वितान म्हणतात. म्हणून अजिंठ्याचं छत वाचायचं नसतं, त्याच्याखाली बसायचं असतं. एवढं ध्यानात घेतलं की नजर आपोआप ठिकाणावर येते.

दुसऱ्या लेण्यात हे सगळ्यांत नीट कळतं. सभामंडपाच्या छतावर एका चौकोनात मोठं वर्तुळ आहे. वर्तुळात वर्तुळं, एकात एक. एका पट्ट्यात वळणं घेत जाणारी वेल, पुढच्या पट्ट्यात कमळं, मग पुन्हा वेगळी नक्षी, असं करत नजर मध्यावर येते. चौकोन आणि वर्तुळ यांच्यात जे चार कोपरे उरतात, त्यांत हवेत तरंगणारी गंधर्वांची जोडपी बसवली आहेत. त्यांचे पाय मागं दुमडलेले, वस्त्रं उडालेली. कोपऱ्याची अडचणीची तिरकी जागा त्या दुमडलेल्या पायांनी इतकी बेमालूम भरली आहे, की ती आकृती त्या जागेसाठीच जन्माला आली असं वाटावं. याच लेण्यात हंसांचा एक पट्टा आहे. कुणी मान वळवून मागं बघतोय, कुणी चोच पंखात खुपसलीये, कुणी पाऊल उचललंय. नक्षीचा पट्टा म्हणजे एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटवायचा, ही आपली सवय. इथं एक हंस दुसऱ्यासारखा नाही.

दुसऱ्या लेण्याच्या मागच्या भिंतीत मुख्य गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन लहान खोल्यांसारखे गाभारे आहेत. एकात हारिती आणि पांचिक, दुसऱ्यात दोन निधियक्ष. हारिती म्हणजे लेकरांची राखण करणारी देवी. तिच्या खालच्या पट्ट्यात खेळणारी, भांडणारी मुलं कोरली आहेत. या बारक्या गाभाऱ्यांची छतंही रंगवलेली आहेत आणि ती अगदी जवळून दिसतात. मोठ्या दालनात गर्दी असेल तर सरळ इथं यावं. रोममधल्या चॅपेलशी आकारानं नव्हे, पण स्वभावानं जुळणारी जागा महाराष्ट्रात कुठं असेल तर ती हीच, असं माझं मत आहे.

पहिल्या लेण्याचं छत वेगळ्या धाटणीचं आहे. तिथं आडव्या-उभ्या पट्ट्यांनी छताचे पुष्कळ छोटे चौकोन पाडले आहेत आणि एकेका चौकोनात एकेक गंमत आहे. फांदीसह आंबे, कमळाची देठं आणि कळ्या, पक्षी, खुजे गण. एका चौकोनात कमळांच्या गर्दीतून धावत सुटलेला हत्ती आहे, सोंड उचललेली, अंगाचा गोळा झालेला. बहुतेक चौकोनांत पार्श्वभूमी एकरंगी आणि वरची आकृती दोन-तीन रंगांची. खाली उभ्या माणसाला अंधुक उजेडात ओळखू यावं, यासाठी असं केलं असणार. छत रंगवणाऱ्याला अंतराचं भान सुटून चालत नाही.

याच छतावर थोड्याफार फरकानं पुन्हा येणारा एक प्रसंग आहे, आणि त्यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. टोकदार टोपी घातलेला दाढीवाला धिप्पाड पुरुष बैठकीवर बसलाय, शेजारी स्त्री, हातात पेला, बाजूला सुरया घेतलेल्या दासी. त्याच्या पायांत आडव्या पट्ट्यांचे मोजे आहेत. हो, मोजे. दुर्बिणीतून स्वच्छ दिसतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी हा इराणचा बादशहा दुसरा खुसरो आणि त्याची राणी शिरीन असावी, असं मांडलं. पण खुसरो इ. स. ५९० साली गादीवर आला. पहिल्या लेण्याचं काम पाचव्या शतकातलं, म्हणजे शंभरएक वर्षं आधीचं, असं बहुतेक अभ्यासक आता मानतात. तेव्हा तो खुसरो नव्हे. परदेशी व्यापारी आणि सरदार दख्खनच्या लोकांनी पाहिले होते, त्यांचे कपडे ध्यानात ठेवले होते, आणि मौज म्हणून, ऐश्वर्याची खूण म्हणून ते छतावर आणले, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

परदेशाशी असलेलं नातं नुसत्या कपड्यांत नाही, रंगातही आहे. अजिंठ्याचे बहुतेक रंग जवळपासच्या मातीतले आणि दगडातले: गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरव्या खनिजाचा हिरवा, चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा, काजळीचा काळा. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्द या दगडाचा, आणि लाजवर्दाच्या खाणी अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. तिथून डोंगर आणि वाळवंटं ओलांडून आलेला दगड वाघूर नदीच्या काठच्या या घळीत घोटला गेला. त्या परदेशी पुरुषाच्या चौकोनात आणि छतावरच्या फुलांत हा निळा अजून टवटवीत दिसतो.

आता कातळावर रंग धरला कसा, ते बघू. सह्याद्रीचा बेसाल्ट खडक सच्छिद्र आणि खडबडीत. छिन्नीचे घाव मुद्दाम तसेच ठेवले, म्हणजे गिलावा पकड घेतो. गिलावा मातीचा. त्यात भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू, दगडाची भुकटी आणि वाळू. पहिला थर जाड, त्यावर बारीक मातीचा, आणि सगळ्यांत वर चुन्याचा अगदी पातळ थर. हे सगळं वाळल्यावर गेरूनं रेखाटन करून, डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग भरले. छताला गिलावा देणं भिंतीपेक्षा कितीतरी अवघड. गवंड्याला विचारा, ओली माती वर चिकटवणं काय असतं. थर जरा जड झाला की स्वतःच्याच वजनानं सुटतो.

सिस्टीनचं तंत्र याच्या उलट. तिथं चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. रंगाचे कण त्या दगडात कायमचे बंद होतात. म्हणून मायकेलँजेलोला रोज एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवावा लागे. इटालियन भाषेत यालाच फ्रेस्को म्हणतात. अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं, ते बरोबर नाही. अजिंठ्याचा रंग दगडात बंद झालेला नाही, तो वर चिकटलेला आहे. त्यामुळं त्याचे शत्रूही जास्त. पावसाळ्यात खडकातून झिरपणारं पाणी मातीचा गिलावा फुगवतं. तूस आणि तंतू हे कसरीचं खाद्य, त्यामुळं किडे आतून गिलावा पोखरतात. वटवाघळांनी शतकानुशतकं घाण केली. आणि आता आपण आहोत: माणसाच्या श्वासातली आणि घामातली वाफ बंद लेण्यात साठते, आणि चित्राला ती सोसत नाही.

इतकं असून छत टिकलं कसं? पहिलं कारण अगदी साधं आहे: हात पोचत नाहीत. दहाव्या लेण्याच्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपलं नाव कोरलं, आणि अजिंठा जगाला कळला तो या ओरखड्यासह. पुढं आलेल्या किती तरी जणांनी भिंतीवर नावं खरवडली, काहींनी तर चित्रांचे तुकडेच कापून नेले. छत यातून वाचलं. दुसरं कारण इतिहासात आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात दुसऱ्या टप्प्यातली लेणी धडाक्यानं कोरली गेली. सोळावं लेणं त्याच्या वराहदेव या मंत्र्यानं दिलं, तसा शिलालेखच आहे. अमेरिकेतले अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची कित्येक वर्षं अजिंठ्याला दिली. त्यांचं मत असं की पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्याची विधिवत प्रतिष्ठापना होण्याआधीच हरिषेण वारला. मूर्तीच्या पायथ्याशी दिव्यांची काजळी नाही, आणि माळा अडकवायच्या आकड्यांभोवतीची चित्रं घासलेली नाहीत. म्हणजे पूजा अशी झालीच नाही. स्पिंक यांची नेमकी सालवारी सगळ्यांना मान्य नाही, पण काजळीचा हा पुरावा डोळ्यांना दिसणारा आहे. पूजा न झाल्याचं दुःख आहेच, पण त्यामुळं चित्रं धुरापासून बचावली.

नकलांची कहाणी मात्र जिवाला लागते. ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल यांना १८४४ च्या सुमाराला अजिंठ्याला धाडलं. त्यांनी वर्षानुवर्षं खपून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यांत तिथं राहू लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच एक. पहाड बांधून त्यांनी छतंही चौकोना-चौकोनानं उतरवून घेतली. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत यांतल्याही कितीतरी नकला गेल्या. जे वाचलं त्यावरून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला, आणि त्यात छतावरच्या नक्षीला भरपूर जागा आहे. हीच नक्षी जे. जे. मध्ये तयार होणाऱ्या मातीच्या भांड्यांवर चढली आणि विलायतेतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसली.

यात कोल्हापूरचा एक धागा आहे. रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा काठ ज्यांनी चित्रांत आणला ते आपले आबालाल रहमान १८८० च्या दशकात जे. जे. मध्ये शिकत होते, म्हणजे ग्रिफिथ्स तिथं प्रमुख असताना. अजिंठ्याच्या नकलांचं काम ज्या कलाशाळेत चाललं होतं, त्याच शाळेतून शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला आणि रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला. पुढं आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे भलेथोरले पडदे रंगवले. दुरून, अपुऱ्या उजेडात, वेगळ्या कोनातून बघणाऱ्यासाठी चित्र काढायचं म्हणजे काय, हे पेंटर घराण्याला पक्कं ठाऊक होतं. ज्या पेठांतून ही माणसं वावरली, तिथल्या आपण लोकांनी अजिंठ्याला जाऊन नुसत्या भिंती बघून परतावं, हे मला पटत नाही.

संवर्धनाबद्दल थोडं. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९२० ते २२ या काळात निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा पकडून ठेवला, हे त्यांचे उपकार. पण चित्रांवर लावलेलं लाखेचं वॉर्निश कालांतरानं पिवळं-तपकिरी पडलं, आणि आजही काही चित्रं मूळ रंगापेक्षा मळकट दिसतात ती त्यामुळं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ नंतरची कित्येक वर्षं तो थर आणि काजळी इंचाइंचानं काढत आले आहेत. सिस्टीनमध्येही असंच झालं. १९८० च्या दशकात छतावरची मेणबत्त्यांची काजळी आणि जुने सरस काढले, तेव्हा आतून इतके भडक गुलाबी आणि हिरवे रंग निघाले की जगभर वाद पेटला. तुलनेसाठी मुद्दाम न धुतलेले छोटे काळे चौकोन तिथं अजून ठेवले आहेत.

आता जाणाऱ्यांसाठी. आधी खिद्रापूरला एक फेरी मारा. कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटरवर कोपेश्वराचं मंदिर आहे, त्याच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा सोडली आहे. खालच्या गोल शिळेवर उभं राहून वर बघा. खांबांची वर्तुळं, कोरीव कडा आणि मध्ये आभाळ. छत हे बघायचं असतं, ही सवय तिथं लागते. ती सवय घेऊन अजिंठ्याला जा.

अजिंठ्यात फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं चार किलोमीटर आत जावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून मोजे घालून जा. साधी दुर्बीण असेल तर घ्या, तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आत गेल्यावर लगेच काही दिसणार नाही. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो. पुरतं सरावायला वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा मोबाइलचा पडदा उजळला की सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, फ्लॅश आणि टॉर्च तर अजिबात नको. सकाळी लेणी उघडल्या उघडल्या सगळी गर्दी पहिल्या लेण्यात शिरते. तुम्ही तेवढ्यात दुसऱ्यात जा. पहारेकऱ्याला विचारून एका बाजूला जमिनीवर बसा आणि मान मागं टेकवा. आधी मधलं वर्तुळ, मग कोपऱ्यातली जोडपी, मग हंस. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पहिल्या लेण्यात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे शोधायला लावा, ती आपणहून छत पालथं घालतील. सतराव्या लेण्याच्या ओसरीतही थांबा. तिथल्या दारावरची बुद्धांची रांग बघून झाली की वर बघायला विसरू नका.

आणि एक. अजिंठा सोमवारी बंद असतो. कोल्हापुरातून जायला रात्रभराचा प्रवास आहे, तेव्हा रविवारी रात्रीची गाडी धरू नका.